सातची शिट्टी चौदावर

५ जानेवारी, रविवार

पुन्हा तीच शिट्टी! बाबांनी त्यांच्या टेबलावर मोर्सच्या कीला बोट लावलं की माझ्या कानात दाभण!

गच्चीवरच्या खोलीत आम्ही दोघं पाठीला पाठ लावून बसतो. दोन टेबलं, दोन रेडिओ, बाहेर दोन अँटेना. बाबा सात मेगाहर्ट्झवर, मी चौदावर. त्यांचा रेडिओ बोलतो सातवर, पण सातची दुप्पट चौदा, आणि तेवढं थेंबभर गळतंच. बाकी जगाला ते कळतही नाही. माझी अँटेना मात्र त्यांच्या अँटेनाच्या बोकांडी बसलेली! लांबून येणारे बारीक आवाज त्या शिट्टीखाली मरून जातात. हॅम रेडिओच्या स्पर्धेत चोवीस तासांत जगभरातल्या जास्तीत जास्त लोकांना गाठायचं असतं, आणि मागच्या वर्षीच्या स्पर्धेत मी दर थोड्या वेळानं ओरडत होते — "बाबा, थांबा!" आणि बाबा थांबत होते. निम्मा वेळ त्यांचं बोट माझ्यासाठी अधांतरी. मग त्यांचे संपर्क कमी होणार नाहीत तर काय!

हे आज अध्यक्षबुवांना सांगितलं. क्लबची बैठक संपल्यावर त्यांनी मला जिन्यातच गाठलं होतं. "तुमच्या बाबांबद्दल आदर आहे हो. खोली त्यांनी दिली, गच्ची त्यांची. पण सातची खुर्ची... वय झालं आता. हात मंदावलाय." मी म्हटलं, हात नाही मंदावला, माझ्यासाठी थांबतो. ते म्हणाले, "मग घालवा ती शिट्टी. फेब्रुवारीतली स्पर्धा बघू. तेव्हाही आकडे असेच आले तर पुढच्या वर्षी डेंटिस्टबाईंना बसवू."

डेंटिस्टबाई! आमच्या क्लबातल्याच. हात कसा स्थिर, मोर्स कशी फर्डी. बाबांची कवळीही त्यांनीच बसवलेली. बाईंशी माझं काही वाकडं नाही. पण खुर्ची बाबांचीच. शिट्टी जाणार म्हणजे जाणार!

६ जानेवारी, सोमवार

बाबांना जिन्यातलं काही सांगितलं नाही. ते विचारत होते, "अध्यक्ष एवढा वेळ काय पाजळत होता?" म्हटलं, वर्गणी.

१२ जानेवारी, रविवार

कारखान्यात माझं काम काय, तर धुण्याच्या मशीनचे बोर्ड तपासायचे. एकाची कटकट दुसऱ्याला होऊ नये, हे बघायचं. त्याचा पगार घेते. आणि घरी? दिव्याखाली अंधार.

आजपासून पद्धतशीर. नियम पहिला आणि शेवटचा: एका वेळी एकच बदल. एक गोष्ट बदलायची, ऐकायचं, मग दुसरी. दोन बदलल्या की कशानं काय झालं ते ब्रह्मदेवालाही कळत नाही. बाबांना हे सकाळी नीट समजावलं. ते म्हणाले, "मला सांगतेस? आयुष्यभर औषधं विकली मी. दोन गोळ्या एकदम सुरू केल्या आणि अंगावर पुरळ उठलं तर कुठल्या गोळीनं, कसं कळणार?" मग कळतंय तर! कायम आपलं दुकान मधे आणतात.

पहिला बदल, फिल्टर. तांब्याची तार कड्यांवर गुंडाळून, बिस्किटाच्या डब्यात बसवून, बाबांच्या रेडिओ आणि अँटेनाच्या मधे लावला. सातला जाऊ देतो, चौदाला दारातच अडवतो. बाबांनी डबा हलवून बघितला. "बिस्किटं संपली का सगळी?"

लावला. बाबांनी की दाबली. शिट्टी अर्ध्यावर! अगदी अर्ध्यावर!

पण अर्धी शिट्टी म्हणजे शिट्टीच.

१९ जानेवारी, रविवार

आज केबलचा तुकडा. मोजून कापायचा, एक टोक बंद करायचं आणि बाबांच्या वायरीला बगलेतून जोडून द्यायचा. बरोबर लांबीचा असेल तर सातला तो दिसतसुद्धा नाही, आणि चौदा त्यात शिरून गप्प पडते. सगळी गंमत लांबीत आहे.

आणि मी तो वीतभर आखूड कापला! मी! बोर्डावरची केसाएवढी फट शोधणारी बाई! आई खालून हाका मारत होती, पाणी गेलंय, टाकी बघ, टाकी बघ, आणि मी टेप धरल्या धरल्या खटकन कापून मोकळी. केबलच फेकून दिली भिंतीवर. बाबांनी उचलली. म्हणाले, "गोळीचे दोन तुकडे केले की पुन्हा अख्खी होत नाही. दुसरी घ्यायची. रडायचं नाही." मी रडत नव्हते. चिडले होते. पण असं शांतपणे कुणी काही म्हटलं की खरंच रडू येतं, त्याला काय करणार.

दुसरी कापली. दोनदा मोजून. शिट्टी आणखी उतरली. आहे अजून.

२३ जानेवारी, गुरुवार

आई आज जेवताना: "घरात बसून साऱ्या जगाशी बोलता दोघं. एकमेकांकडे पाठ करून." बाबा म्हणाले, "जगाशी बोलताना शिट्टी वाजते, तुझ्याशी बोलताना भांडी वाजतात." आई हसली नाही. मग हसली.

२ फेब्रुवारी, रविवार

टेबलावरचा दिवा! बाबांनी कीवर 'टिक' केलं की माझा दिवाही मिचकतो. म्हणजे त्यांची शक्ती अँटेनातून जायची सोडून विजेच्या वायरींतूनही भटकतेय. आज दुपारभर फेराइटच्या काळ्या कड्या चढवत बसले. दिव्याच्या वायरीला, हेडफोनला, कॉम्प्युटरला, जे हाताला लागेल त्याला. बाबा म्हणाले, "माझ्या चष्म्याच्या दोरीला नको का एखादी?"

दिवा कमी मिचकतो. मिचकतोच.

त्यात बाबांच्या रेडिओचा तो पंखा. शंभर वॅटवर थोडा वेळ ठोकलं की तापतो आणि पिठाच्या गिरणीसारखा घुरघुरत बसतो. शिट्टी, गिरणी आणि डोळा मारणारा दिवा! कुणाला काय ऐकू येणार कप्पाळ?

लहानपणी दुकानात मी काउंटरच्या आत पाय हलवत बसायचे. गिऱ्हाईक नसलं की बाबा काचेच्या बरणीवर चमचा वाजवायचे. टिक-टाक. मी ओळखायचं. ओळखलं की आल्याची गोळी. शाळेत बाराखडी यायच्या आधी मला मोर्स येत होती. त्याच माणसाच्या हाताला आज लोक मंदावलाय म्हणतात! आणि मला त्या हाताचा आवाज कानात नको झालाय. कसलं हे.

९ फेब्रुवारी, रविवार

वाईट झालं.

स्पर्धा तोंडावर आली. सकाळपासून ऐकत होते. वरच्या टोकाला एक अगदी बारीक आवाज, कुठल्या तरी बेटावरचा असणार, डास कानाशी यावा तसा. अर्धं नाव लागलं. अजून दोन अक्षरं हवी होती. आणि तेवढ्यात मागून बाबा, टिक-टाक-टाक, आणि शिट्टी. गेला आवाज. पुन्हा आला नाही.

मी हेडफोन आपटला. म्हणाले, "तुमच्यामुळे! तुमच्यामुळे मला काहीही ऐकू येत नाही! फिल्टर केला, केबल केली, कड्या केल्या, काय करायचं बाकी ठेवलंय? तुम्ही बसलात की मी बहिरी होते!" आणि मग तोंडातून निघून गेलं — "अध्यक्ष तुमची खुर्ची काढून घेतील तेव्हा कळेल!"

बाबांची पाठ माझ्याकडे होती. ती वळली नाही. तसेच म्हणाले, "असं आहे होय. वर्गणी नव्हती तर." रेडिओ बंद केला, वर कापड घातलं — रोज घालतात तसं, चारी कोपरे सारखे करून — आणि खाली गेले.

जीभ कापून टाकावीशी वाटली.

१० फेब्रुवारी, सोमवार

सकाळी चहा त्यांनीच केला. माझ्या कपात साखर बरोबर.

१५ फेब्रुवारी, शनिवार

सापडलं! सापडलं! सापडलं!

लॅबमधल्या थोरल्या मॅडमना परवा सांगितलं होतं सगळं. त्या म्हणाल्या, "अगं, रेडिओत नसेल तर बाहेर बघ. गंजलेला सांधासुद्धा बोलतो. जवळ लोखंडाला लोखंड टेकलेलं काही आहे का?" म्हणजे अँटेनातून निघालेलं सात एखाद्या गंजलेल्या जोडावर पडायचं, आणि तो जोडच चौदा तयार करायचा. मग रेडिओला कितीही फिल्टर लावा, उपयोग काय? चोर घराबाहेर आणि आपण कपाटं शोधतोय!

आज बाबांना म्हटलं, तुम्ही सातवर ठोकत राहा, मी गच्चीवर हातातला छोटा रेडिओ घेऊन फिरते. पाण्याच्या टाकीपाशी नाही. कठड्यापाशी नाही. आईच्या कपडे वाळत घालायच्या तारेपाशी गेले — किंचाळला! दोन्ही अँटेनांच्या बरोब्बर मधून जाते ती तार. एका टोकाला हूक, हूक कडीत, दोन्ही गंजून तपकिरी. तार हलवली, शिट्टी करकरली. सोडली, पुन्हा सरळ. आणखी काय पुरावा हवा?

तारेवर आईच्या चादरी. ओल्या. मी त्या कठड्यावर टाकल्या आणि पक्कड आणायला खाली, पुन्हा वर, मग कात्री मोठी हवी म्हणून पुन्हा खाली. किती फेऱ्या झाल्या देव जाणे, पाय भरून आले. आई मागोमाग. "माझी तार? माझी? तुमच्या टिकटिकीसाठी माझी तार?" मी कापली. हूक, कडी, सगळं. घामानं डोळ्यांपुढे अंधारी आली होती. खिडकीतून बाबा बघत होते. मी हात केला: "ठोका आता!"

आत आले, हेडफोन लावला.

काही नाही. शांतता! नुसती चौदाची खरखर, आणि तिच्याखाली लांबलांबचे बारीक आवाज, थंडीत दम लागून बोलणाऱ्या माणसांसारखे. मागे बाबा ठोकत होते, कीचा टिकटिक आवाज खोलीत ऐकू येत होता, आणि माझ्या कानात त्याचा मागमूस नाही!

"आता कसं?" बाबांनी विचारलं.

"स्वच्छ! बाबा, स्वच्छ! बाळाच्या कानासारखं!" मी त्यांचे खांदे धरून गदागदा हलवले. माझ्याकडे बघून ते नुसतं हसत होते.

त्या रविवारबद्दल माफी मागायची होती. राहूनच गेलं. आनंदात कसली माफी.

१६ फेब्रुवारी, रविवार

पुन्हा तपासलं. स्वच्छ. दिवासुद्धा मिचकत नाही आता! म्हणजे तोही त्या तारेचाच प्रताप. एक गंजकी कडी आणि माझे सहा आठवडे!

आई चादरी दोन खुर्च्यांवर वाळत घालते आणि माझ्याकडे बघत नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

उद्या दुपारी स्पर्धा सुरू, परवा दुपारी संपणार. अध्यक्षबुवा येऊन ऐकून गेले. माझा हेडफोन लावला, बाबांना ठोकायला सांगितलं, भुवया वर गेल्या. "वा. म्हणजे आता दोघांनाही रान मोकळं." मग मला दारात, हळूच: "आता बाबांचे आकडे वर यायलाच हवेत हं."

येतीलच! आता कुणी त्यांना 'थांबा' म्हणणार नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार, संध्याकाळ

संपली. अंग मोडून आलंय पण लिहिल्याशिवाय झोप लागायची नाही.

मी अशी कधीच ऐकली नव्हती चौदा. कधीच! एकामागून एक. खोलीही कशी शांत, त्या पंख्याची घुरघुर नाही, काही नाही, देवळात बसल्यासारखं. आज सकाळी उन्हं गच्चीवर आली तेव्हा ते बेट आलं. तेच! डासाएवढं. शेकडो लोक त्याला हाका मारत होते. मी वाट बघितली. श्वास धरून, त्याची अक्षरं एकेक उचलली, मधली फट सापडली आणि माझं नाव टाकलं. त्यानं उचललं! त्यानं मला उचललं! मी उठून नाचले. आईला खालून बोलावलं. आई म्हणाली, "काय, लागली का लॉटरी?" तसंच समज म्हटलं.

आणि बाबा.

हे लिहायला नको वाटतं. चोवीस तास मला मागून त्यांचं ठोकणं ऐकू येत होतं. तेच ते. आपलं नाव, पुन्हा नाव, पुन्हा नाव. समोरचा विचारतोय 'पुन्हा सांगा', बाबा पुन्हा देतायत. 'पुन्हा.' पुन्हा. जिथे डेंटिस्टबाई एका फटक्यात मोकळ्या झाल्या असत्या तिथे बाबा चार-चार वेळा. मला वाटलं, अक्षरं तुटतायत का? हात अडखळतोय का? मी वळून बघितलं नाही. धीर झाला नाही.

शेवटी आकडे बघितले. माझे मागच्या वर्षीच्या दुपटीला टेकले. बाबांचे मागच्या वर्षीपेक्षाही कमी.

या वेळी त्यांना कुणी थांबवलं नव्हतं. शिट्टीही नव्हती.

२४ फेब्रुवारी, सोमवार

कान तपासून घ्या म्हटलं. म्हणाले, "दिवाळं दातांचं निघालंय, कानांचं नाही. गेल्याच महिन्यात तपासले." कागद दाखवला. कान ठणठणीत. म्हणजे हातच.

२ मार्च, रविवार

निकाल लागला. आमचा क्लब पहिला. पहिला! अध्यक्षबुवांनी पेढेवाल्यासारखी गल्लीभर हाकाटी केली. सगळं माझ्या चौदाच्या जिवावर, आणि त्या बेटाचे गुण वेगळेच.

मग मला बाजूला घेतलं. "शिट्टीची सबब होती, ती तुम्हीच घालवलीत. आता सांगा." मी काय सांगणार? जी गोष्ट बाबांची खुर्ची वाचवायला केली तीच त्यांच्या मुळावर आली. मी म्हटलं, मी बोलते त्यांच्याशी. तुम्ही नका बोलू. परक्याच्या तोंडून नको.

संध्याकाळी स्वयंपाकघरात बोलले. आई कणीक भिजवत होती. मी टेबलाच्या कडेला नख खरवडत सगळं एका दमात सांगून टाकलं: बाबा, पुढच्या वर्षीपासून सातवर डेंटिस्टबाई बसतील, तुम्ही खूप वर्षं केलंत, आता आरामात ऐका, मधेमधे या, सल्ला द्या... काय वाट्टेल ते बोलले. तोंडात शेणच.

बाबांनी तोंड उघडलं. काहीतरी सांगणार होते, नक्की. मग माझ्याकडे बघितलं. माझ्या गळ्यात क्लबचं ते पदक होतं, काढायचं राहिलेलं. त्यांनी तोंड मिटलं. मग म्हणाले, "आधी दात नेले बाईंनी, आता खुर्ची. पुढच्या वेळी जपून राहायला हवं, अजून बरंच काही शिल्लक आहे माझं."

मी हसले. हसले! आईनं मात्र कणकेचा हात तसाच ठेवून त्यांच्याकडे बघितलं, कितीतरी वेळ.

४ मार्च, मंगळवार

त्यांनी रेडिओवर कापड घातलंय. चारी कोपरे सारखे. त्यानंतर वर आले नाहीत.

१० मार्च, सोमवार

कामात लक्ष नाही. एक खराब बोर्ड चांगला म्हणून पुढे पाठवला, मॅडमनी पकडला. नुसता परत ठेवला समोर.

घरी आले तर बाबा जुन्या बरण्या पुसत बसलेले. दुकान बंद केलं तेव्हा ठेवून दिलेल्या. चमचा शेजारीच होता. वाजवला नाही.

१६ मार्च, रविवार

डेंटिस्टबाई आज पहिल्यांदा वर आल्या. सरावाला. बिचाऱ्या खूप अवघडल्या होत्या, बाबांना म्हणाल्या, "मला खरं तर बरं वाटत नाहीये असं बसायला." बाबा म्हणाले, "तुमच्या खुर्चीत मी किती तास तोंड उघडून बसलोय! आता माझ्या खुर्चीत तुम्ही बसा. फिट्टंफाट." आणि खाली गेले, आईला काहीतरी दुरुस्त करून द्यायचं होतं म्हणे.

बाईंनी कापड काढलं, रेडिओ सुरू केला, दोन-चार बटणं बघितली, की लावली.

शिट्टी!

माझा विश्वासच बसेना. तीच! तार कापायच्या आधी होती त्याहून थोडी कमी, पण तीच. दिवा मिचकायला लागला. पाच मिनिटांत पंखाही सुरू, गिरणी! मी बाईंना म्हटलं थांबा, आणि पुन्हा ठोका, आणि थांबा. फिल्टरचा डबा जागेवर. केबलचा तुकडा जागेवर. कड्या सगळ्या मोजल्या. गच्चीवर जाऊन बघितलं, तार नाही, हूक नाही, कडी नाही, नवीन लोखंड कुठेही नाही. काहीही बदललेलं नाही! मग आली कुठून?

बाई म्हणाल्या, "माझ्या हाताला अवलक्षण आहे बहुतेक." गेल्या बिचाऱ्या.

बाबा बसले की शांत, बाई बसल्या की शिट्टी. रेडिओ तोच. हे कसं शक्य आहे? डोकं फुटायची वेळ आली.

१७ मार्च, सोमवार

कामावरून येताच डेंटिस्टबाईंना फोन केला. काल सुरुवातीला कुठली बटणं फिरवलीत? "काहीच नाही हो. पॉवर तेवढी वाढवली. कुणीतरी पाच वॅटवर ठेवला होता, मी नेहमीसारखा शंभरावर नेला."

पाच. शंभराच्या जागी पाच! म्हणून पंखा गप्प. म्हणून दिवा शांत. म्हणून समोरचे चोवीस तास 'पुन्हा सांगा, पुन्हा सांगा'. एका वेळी एकच बदल, असं मी त्यांना समजावलं होतं — आणि तारेच्या दिवशी या खोलीत दोन झाले होते. मी माझ्या टेबलावरचं सगळं मोजलं. मागे वळून त्यांचा आकडा एकदाही बघितला नाही.

खाली धावले. बाबा अंगणात स्टुलावर उभे राहून आईसाठी दोरी बांधत होते. नायलॉनची.

"पाच वॅट, बाबा?"

त्यांनी गाठ आवळली. मग म्हणाले, "उन्हात तुझ्या वर-खाली फेऱ्या चालल्या होत्या. बघवेना. डोस कमी केला, एवढंच."

"सांगायचं नाही? खुर्ची गेली तेव्हा तरी?"

"ते बेट ऐकू आलं ना तुला?"

"आलं."

"मग औषध लागू पडलं."

आणि मी, मी स्वतः, या माणसाला खुर्चीवरून उठवलं.